उथळ भूजलाच्या जागेवर लँडफिल: साइटवरच्या नोंदी

9 फेब्रुवारी
पहिले तीन बोअर झाले. पाणी 4.2 मीटरवर लागलं. बोअरवाले काका खूश, "मॅडम, कोरडी जागा आहे." मी नमुन्यांच्या पेट्या उघडून बसले तेव्हा मन थोडं खट्टू झालं. साधारण 0.8 मीटरपासून खालच्या मातीत राखाडी रंग आणि त्यात गंजासारखे तांबूस डाग. तिन्ही बोअरमध्ये, जवळपास त्याच खोलीला.

हे डाग पाण्याचे ठसे असतात. माती दीर्घकाळ पाण्यात बुडाली की तिच्यातला प्राणवायू संपतो, लोह विरघळून थोडं सरकतं आणि माती राखाडी होते. पाणी उतरून हवा आत शिरली की तेच लोह भेगांच्या आणि मुळांच्या कडेने गंजून बसतं. म्हणजे वर्षातल्या काही काळात इथे पाणी 0.8 मीटरपर्यंत चढत असावं. आजचं 4.2 हे फक्त आजचं आहे. डाग कधीकधी जुन्या काळचेही असू शकतात, नंतर पाणी कायमचं खाली गेलेलं असू शकतं. पण ते सिद्ध होईपर्यंत मी डागांवर विश्वास ठेवणार.

12 फेब्रुवारी
प्राथमिक अहवालाचा मसुदा आला. "भूजल पातळी: 4.2 मी." एवढंच. कधी मोजली, कोणत्या महिन्यात, बोअर केल्यावर किती तासांनी, काही नाही. चिकणमातीत बोअरमधलं पाणी स्थिर व्हायला दिवसच्या दिवस लागतात. संध्याकाळी टेप सोडून आकडा लिहिला तर तो बोअरचा आकडा झाला, जमिनीचा नव्हे.

मूळ आराखड्यात कडेला 2 मीटर खोदून तिथे लायनरचा (कचऱ्याखालच्या पाझररोधक अस्तराचा) तळ धरला आहे. 4.2 वजा 2 म्हणजे 2.2 मीटर अंतर, भारतातल्या 2016 च्या घनकचरा नियमांत तळ आणि सर्वोच्च भूजल पातळी यांत निदान 2 मीटर अंतर हवं म्हटलं आहे, त्यामुळे कागदावर सगळं बसतं. नियमातला "सर्वोच्च" हा शब्द मात्र कोणी वाचलेला दिसत नाही.

बैठकीत मी म्हणाले, एक पूर्ण पावसाळा मोजणी करूया. सहा महिने थांबायचं कोणालाच पटलं नाही. शेवटी ठरलं की पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या) लगेच बसवायचे, बाकीची कामं कागदावर चालू ठेवायची, पण खोदाई सुरू करायची नाही.

3 मार्च
सहा उथळ पिझोमीटर (पी-1 ते पी-6) आणि दोन खोल (पी-7, पी-8). खोलवाल्यांची जाळी (नळीचा पाणी आत घेणारा भाग) 9 मीटरखालच्या वाळूच्या थरात आहे. वर 9 मीटर चिकणमाती, त्यातली वरची 4 मीटर मऊ.

पी-7 मध्ये पाणी 3.1 मीटरपर्यंत चढलं, उथळवाल्यांत ते 4.3 वर आहे. म्हणजे खालची वाळू दाबाखाली आहे आणि पाणी वरच्या दिशेने ढकललं जातंय. 2 मीटर खोदल्यावर वाळूवर 7 मीटर माती उरते, वजन साधारण 130 किलोपास्कल. वाळूतला पाण्याचा दाब 5.9 मीटरचा, म्हणजे 58 किलोपास्कल. तळ फुगून फुटण्याची भीती नाही. वरच्या दिशेचा दाब खरं तर आपल्या बाजूने आहे, गळालेलं काही सहजासहजी खोल वाळूत उतरणार नाही. पण आजूबाजूला कोणी त्या वाळूतून जोरात उपसा सुरू केला की दिशा उलटू शकते. म्हणून याच्या भरवशावर काही कमी करायचं नाही.

21 जून
पाऊस सुरू. पी-2: 3.6 मीटर.

18 जुलै
पी-2: 1.7 मीटर. आठवड्याला एक मोजणी पुरत नाही असं दिसतंय, तीन पिझोमीटरमध्ये दर तासाला नोंद करणारे दाब-मापक सोडले.

14 ऑगस्ट
पी-2: 0.9 मीटर. पी-5: 0.95. बाकीचेही सव्वा मीटरच्या आत.

मूळ आराखड्याचा तळ आज 1.1 मीटर पाण्याखाली असता. आनंद झाला असं म्हणणार नाही, पण छातीवरचं ओझं उतरलं. यंदाचा पाऊस सरासरीच्या आसपासचा, त्यामुळे 0.9 हा कमाल आकडा मानता येत नाही. डाग 0.8 पासून सुरू होतात, आराखड्यासाठी 0.8 धरायचं ठरलं.

22 ऑगस्ट
तीन वाटा आहेत. सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढे कोणीतरी विचारणारच की खड्डा का नाही खणला.

पहिली: खोदायचं, लायनरखाली खडीचा निचरा थर घालायचा आणि पंपाने पाणी खाली ठेवायचं. अडचण बांधकामाच्या काळातच सुरू होते. लायनरची 1.5 मिमी जाडीची एचडीपीई (दाट पॉलिथिन) शीट एका चौरस मीटरला जेमतेम 1.4 किलो भरते. म्हणजे तिच्याखाली दीड मिलिमीटर पाण्याचा दाब आला तरी ती उचलली जाते! एचडीपीई मुळात पाण्यावर तरंगणारं प्लास्टिक. तिच्याखाली 1 मीटर चिकणमाती आहे, तिचं वजन 19 किलोपास्कल, 1.2 चा सुरक्षा गुणांक धरला तर ती 1.6 मीटर पाण्याचा दाब पेलते, त्यापुढे नाही. वर पुरेसा कचरा चढेपर्यंत एकही रात्र पंप बंद पडून चालणार नाही. आणि कचरा चढल्यावर तळ उचलला जाण्याची भीती गेली तरी पाणी लायनरला टेकलेलंच राहतं. मग पंप कधीपर्यंत चालवायचा? लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं दूषित पाणी, तयार होणं दशकानुदशकं चालतं. चाळीस वर्षांनी बिल भरणारा माणूस आज त्या बैठकीत नाही.

दुसरी: पाण्याला आत येऊ द्यायचं. लायनर भूजलाच्या खाली ठेवायचा आणि आतलं लीचेट बाहेरच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर राखायचं. गळती झालीच तर बाहेरून आत. कल्पना चतुर आहे, घट्ट चिकणमातीत ती वापरलीही जाते. पण प्रवाह आत वळला म्हणून रसायनांचं विसरण थांबत नाही; जास्त सांद्रतेकडून कमीकडे ती प्रवाहाविरुद्धही सरकतात. बेंझीन, टोल्युइनसारखी संयुगं तर एकही छिद्र नसलेल्या शीटमधूनही हळूहळू पार होतात. शिवाय आत आलेलं प्रत्येक लिटर भूजल लीचेट होऊन प्रक्रियेला जातं. आमच्याकडे हंगामात पाणी साडेतीन मीटर वरखाली होतं, म्हणजे वर्षातले काही महिने आतला ओघ आपोआप बाहेरचा होईल. ही वाट इथे बाद.

तिसरी: तळ उचलायचा. चिकणमातीचा तळ कडेला जमिनीच्या 1.2 मीटर वर, म्हणजे 0.8 च्या पातळीपासून बरोबर 2 मीटर. पंप नाही, सगळं गुरुत्वाने वाहतं. किंमत मात्र आकारमानात मोजावी लागते. सेल, म्हणजे कचरा भरायचा कप्पा, 120 × 250 मीटरचा, 3 हेक्टर. तळ 3.2 मीटर वर आला की 96,000 घनमीटर कचऱ्याची जागा गेली. शिवाय जिथे खोदून माती मिळणार होती तिथे आता सुमारे 54,000 घनमीटर भराव आणायचा. मी तिसरीच्या बाजूने लिहून दिलं.

5 सप्टेंबर
मान्यता मिळाली. दीड तास वाद झाला, बहुतेक सगळा त्या 96,000 वर. पी-2 ची वक्ररेषा भिंतीवर लावली होती, ती बोलली.

11 ऑक्टोबर
खचण्याचा हिशेब. मऊ चिकणमाती, वर भराव आणि 20 मीटर कचरा: मधोमध कडेपेक्षा 38 सेंमी जास्त खचेल, कडेला स्वतःचे 12 सेंमी. हे दिसायला किरकोळ वाटतं. पण आपला तळ मधल्या कण्यावरून दोन्ही कडांना उतरतो, प्रत्येकी 60 मीटर. 2 टक्के उतार म्हणजे 1.2 मीटर. त्यातले 38 सेंमी गेले की उरतो 1.4 टक्केही नाही, आणि पाइपमध्ये जिथे जिथे बारीक उंचवटा राहिला असेल तिथे लीचेट साचून गाळ बसणार. उतार 3 टक्के केला, शेवटी 2.4 उरेल. कडेचा तळ 1.2 वरून 1.35 मीटर. भराव 67,500 घनमीटरवर गेला. फोनवर हा आकडा सांगताना समोरून बराच वेळ आवाज आला नाही.

यात मऊ मातीची स्थिरताही येते. संपृक्त चिकणमातीवर भराभर वजन टाकलं तर पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही, ताकद वाढत नाही आणि कड सरकते. भराव दोन टप्प्यांत, मध्ये निदान सहा आठवडे, पिझोमीटरचा दाब उतरल्यावरच दुसरा.

20 नोव्हेंबर
भरावाच्या तळाशी 30 सेंमी खडी, वर-खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड). दोन कामं: भूजलाच्या पातळीवरच्या बारीक मातीत केशाकर्षणाने पाणी मीटरभर चढू शकतं, खडीत ते तुटतं, आणि लायनरखाली चुकून पाणी आलंच तर ते कडेच्या चरात वाहून जातं. चराचं तोंड नैसर्गिक नाल्याच्या पातळीच्या वर ठेवलंय, पंप लागत नाही. त्या चरातल्या पाण्याची विद्युत वाहकता पुढे रोज मोजायची, लीचेट मिसळलं की ती वाढते. पहिली बातमी तिथेच कळेल.

14 डिसेंबर
चिकणमातीचा चाचणी पट्टा. प्रयोगशाळेत पाझर-गुणांक (माती पाणी किती वेगाने जाऊ देते) 3 × 10⁻¹⁰ मी/से, उत्तम. पट्ट्यावर मोठ्या कड्याने मोजला तर 4 × 10⁻⁹. हवा 10⁻⁹ च्या खाली. (अमेरिकेचे नियम 60 सेंमी थर मागतात, युरोपचा 1999 चा निर्देश 1 मीटर, भारतातले 2016 चे 90 सेंमी; गुणांक मात्र तिघांचाही हाच, फक्त कुठे मीटरमध्ये, कुठे सेंटिमीटरमध्ये.)

तेरापट फरक ढेकळांमुळे. प्रयोगशाळेत माती चाळून, बारीक करून दाबतात. साइटवर ढेकळं तशीच राहतात आणि पाणी ढेकळातून जात नाही, दोन ढेकळांच्या मधून जातं. उपाय जुनाच: ओलावा इष्टतम बिंदूपेक्षा (ज्या ओलाव्यात माती सगळ्यात दाट दाबली जाते) 2 ते 4 टक्के जास्त, म्हणजे ढेकूळ मऊ होऊन चिरडतं, 15 सेंमीचे थर, आणि रोलरचे पाय इतके लांब की नवा थर खालच्या थरात रुतून एकजीव व्हावा. जास्त ओलाव्यात घनता थोडी कमी येते म्हणून रोलरवाल्याला हे चुकीचं वाटतं, त्याला घनतेचा आकडा मारायची सवय. रस्ता बांधताना तो बरोबर असता.

19 डिसेंबर
नवा पट्टा: 7 × 10⁻¹⁰. चालेल.

8 जानेवारी
दोन दिवस काम बंद होतं, शेवटचा थर उघडा राहिला. वाऱ्याने वाळून बोटभर खोल भेगा. वरून पाणी मारून "भरल्या" असं दाखवायचा प्रयत्न झाला. भेग बंद दिसते, बुजलेली नसते. 10 सेंमी खरवडून, ओलं करून पुन्हा रोलिंग. यापुढे रोज संध्याकाळी पृष्ठभागाला गुळगुळीत रोलर आणि वर प्लास्टिक, हे मीच बघणार.

2 फेब्रुवारी
शीट अंथरणं सुरू. सकाळी सपाट असते, दुपारी उन्हाने फुगून कमरेएवढ्या वळ्या येतात. खडी टाकायची तर पहाटे किंवा उशिरा. वळीखाली शीट आणि चिकणमाती यांत पोकळी राहते आणि मग दोन थरांचा मेळच तुटतो.

तो मेळ किती मोलाचा, हा हिशेब मी प्रत्येक नव्या सुपरवायझरला फळ्यावर करून दाखवते. 1 चौरस सेंमीचं छिद्र, वर 30 सेंमी लीचेट. शीटखाली नुसती खडी असेल तर दिवसाला 12,000 लिटरहून जास्त गळतं. शीट नसेल, फक्त 60 सेंमी चिकणमाती असेल तर एका हेक्टरमागे 1,300 लिटर. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटून असतील तर त्याच छिद्रातून दिवसाला अर्धा-पाऊण लिटर. चिकटले नसतील तर तीन लिटर. (शेवटचे दोन आकडे जिरू यांच्या लायनर-गळतीच्या समीकरणातून.) सुपरवायझर पहिल्या आकड्याला हसतात, शेवटच्याला गप्प होतात.

बाजूच्या उतारांवर खडबडीत शीट वापरतोय. 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स इथे घातक कचऱ्याचा डोंगर लायनरच्या थरांवरून सुमारे 11 मीटर घसरला. ओली चिकणमाती आणि गुळगुळीत एचडीपीई यांच्यात घर्षण फारच कमी. पाझर रोखायला जो ओलावा आम्ही मुद्दाम वाढवतो, तोच उतारावर शत्रू होतो. उतारांवर ओलावा इष्टतमपेक्षा 2 टक्के जास्त एवढ्यावरच अडवला.

17 फेब्रुवारी
सांधे: दुपदरी गरम वेल्ड, मधल्या नळीत हवा भरून पाच मिनिटं दाब धरायचा. आज सतरा सांधे, दोन नापास. एक धुळीमुळे, दुसरा पहाटेच्या दवामुळे. कोपऱ्यातले हाताने घातलेले सांधे व्हॅक्यूम पेटीने तपासले. साबणाचा बुडबुडा आला की खडूने गोल.

11 मार्च
शीटवर जाड जिओटेक्स्टाइल, त्यावर 30 सेंमी गोट्यांचा निचरा थर, पाइप. गोटे टाकून झाल्यावर विद्युत गळती-शोध. शीट वीज वाहू देत नाही, त्यामुळे वरून सोडलेला प्रवाह छिद्रातूनच खाली जातो आणि तिथे व्होल्टेजचा ठसा उमटतो. दोन जागा सापडल्या. एकीत टोकदार खडा होता. दुसरीत 4 सेंमीचा सरळ काप.

तो काप पाहिल्यावर कळलं. लेव्हल घेताना मीच तिथे लोखंडी खुंटी रोवली होती, गोट्यांच्या थरात ती खालपर्यंत जाईल हे लक्षात आलं नाही. वर्षभर मी इतरांना ज्यावरून बोलत होते त्यात हे सगळ्यात मोठं छिद्र. दुरुस्तीच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात स्वतःचं पद लिहिलं. साइटवरच्या खुंट्या आता लाकडी आणि सपाट बुडाच्या.

3 एप्रिल
निरीक्षण विहिरींचे मूळ नमुने. प्रवाहाच्या वरच्या बाजूला एक, खालच्या बाजूला तीन. क्लोराइड, अमोनिया-नायट्रोजन, वाहकता, सीओडी (रासायनिक प्राणवायू मागणी) आणि धातू. कचरा येण्याआधीचे आकडे नसतील तर पुढे काही सिद्धच करता येत नाही, ना दोष, ना निर्दोषत्व. दोन हंगामांचे घेतलेत.

विहिरी किती जवळ असाव्यात यावर चर्चा. वरच्या मातीत वाळूचे पातळ पट्टे आहेत. त्यांचा पाझर-गुणांक 10⁻⁴ मी/से, भूजलाचा उतार 0.005, सच्छिद्रता 0.25 धरली तर पाणी वर्षाला 60 मीटरच्या वर चालतं. हद्द 150 मीटरवर. हद्दीवर विहीर ठेवली तर बातमी अडीच वर्षांनी, तीही पाणी हद्द ओलांडताना. सेलपासून 20 मीटरवर ठेवल्या, जाळी त्या पट्ट्यांच्या समोर. क्लोराइड मातीला चिकटत नाही, पाण्याच्या वेगाने धावतं, म्हणून पहिलं लक्ष त्याच्यावर.

26 जून
पहिला पाऊस, सेल अजून रिकामा. मधल्या बांधाने दोन भाग केलेत. ज्या भागात कचरा पडलेला नाही तिथलं पाणी स्वच्छ, ते वेगळं बाहेर. हा बांध नसता तर तीन हेक्टरवरचा सगळा पाऊस लीचेट ठरला असता.

9 जुलै
पश्चिमेच्या अर्ध्यात पहिला थर पडायला सुरुवात. पहिले दीड मीटर मऊ कचराच घ्यायचा, लांब सळया आणि फर्निचर नाही. कॉम्पॅक्टर (कचरा दाबायचं यंत्र) गोट्यांवर थेट फिरवायचा नाही. फाटकावर हे सांगायला एक माणूस उभा केला.

19 ऑगस्ट
पी-2: 0.85 मीटर. गेल्या वर्षीपेक्षा 5 सेंमी वर, आराखड्याच्या 5 सेंमी खाली. आठवडाभर झोप नीट लागली नव्हती.

लायनरखालच्या खडीचा चर कोरडा. तोंडाशी पावसाचं डबकं होतं, तेवढंच. लीचेट साठवायच्या खड्ड्यात (संपमध्ये) पातळी 14 सेंमी, मर्यादा 30.

पी-5 च्या झाकणाचं कुलूप गंजलंय, उघडताना किल्ली तुटली. उद्या कापून नवं बसवायचं, आणि पाइपच्या वरच्या कडेची लेव्हल पुन्हा घ्यायची. कापताना ती हलली तर आजवरचे सगळे आकडे सरकतील.